उसना आवाज

"दार वाजवलंस की एक पायरी खाली उतरून उभी राहा. उघडणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे माणूस आपल्या अंगावर यायला आलेलं नाही. आणि घाई करू नकोस. आजारी माणसाला अंथरुणापासून दारापर्यंतचा रस्ता फार लांब असतो."

थोरली असं सांगत होती, आणि धाकटी एक पायरी खाली उतरून उभी होती. फरक इतकाच, की थोरलीला जाऊन आता महिना होऊन गेला होता.

जिना अरुंद आणि काळोखा होता. कठड्याचं लाकूड हातांनी घासून घासून गुळगुळीत झालं होतं, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी ओले कपडे वाळत घातले होते. साबणाचा थंड वास येत होता. धाकटीने कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं, तोंडावरचा मास्क सारखा केला, आणि छातीतून आवाज काढून म्हणाली,

"काका, गोळ्या आणल्यात."

आतून पाय घासत आल्याची चाहूल लागली. ती तिला कानाने कमी आणि पायरीच्या लाकडातून जास्त समजली. कडी निघाली. दारात एक उंच, वाळलेला म्हातारा उभा राहिला. हे शिंपीकाका. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, त्यामुळे माणूस म्हणजे त्यांना उजेडासमोरची एक सावली. त्यांनी तिच्याकडे, म्हणजे तिच्या जरा डावीकडे, पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"आलीस? किती दिवस लावलेस गं बाई! मधे त्या केंद्रातल्या माणसाला धाडत होतीस. तो नुसता पाकीट हातात कोंबायचा आणि पळायचा. मला वाटलं, तूही कंटाळलीस."

"कंटाळेन कशी?" धाकटी म्हणाली.

काकांनी गोळ्या तिच्यादेखत घेतल्या, तोंड उघडून दाखवलं, पाणी प्याले. धाकटीचा जीव भांड्यात पडला. एकटीने केलेली पहिली फेरी, आणि केंद्रात सगळ्यांत हट्टी म्हणून गाजलेल्या माणसाने दार उघडलं होतं. जिना उतरताना तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले. कशासाठी जोडले, ते तिला पुढे कळायचं होतं.

केंद्रात त्या दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. नात्याने कुणी कुणाची नव्हती. आरोग्य केंद्राने एक योजना काढली होती. ज्यांना दुसरीकडे कुणी कामावर उभं करणार नाही, अशांनाच बोलावलं होतं. आजारातून उठलेले, एका पायाचे, कमी दिसणारे, कमी ऐकणारे, उंबऱ्याबाहेर कधी न पडलेल्या बायका. घरोघर जाऊन औषध द्यायचं, घेतलं की नाही ते बघायचं, माणसाला धीर द्यायचा, असं ते काम. वर्षभर शिकायचं, शिकताना दर महिन्याला विद्यावेतन मिळायचं, आणि प्रत्येक नव्याला एका जुन्या, मुरलेल्या कार्यकर्त्याच्या पदराला बांधून द्यायचं. वर्ष सरलं की कायमची नेमणूक.

धाकटीने घरी हे सांगितलं तेव्हा वहिनी कपडे पिळायची थांबली होती.

"शिकवणीचे पैसे घेतात, हे माहीत होतं बाई. शिकायचे देतात? नीट ऐकलंस ना? तुझं काही सांगता येत नाही."

"लिहून दिलंय त्यांनी," धाकटी म्हणाली होती.

"मग ठीक. आणि ओरडू नकोस गं, मला ऐकू येतं अजून."

ते ओरडणंच तर तिचं मोठं दुखणं होतं. धाकटीला क्षय झाला होता, तोही साध्या औषधांना दाद न देणारा. तेव्हा त्यावर इंजेक्शनं देत. रोग गेला, पण जाताना कान घेऊन गेला. यंत्राने दुसऱ्यांचं बोलणं थोडंफार यायचं. स्वतःचा आवाज मात्र तिला कवटीत नुसता घुमल्यासारखा लागे, तो लहान आहे की मोठा, गोड आहे की चिरका, काही समजायचं नाही. दुकानात ती हळूच काही विचारायला जाई आणि सगळं दुकान वळून बघे. देवापुढे पुटपुटलेलं शेजारी ऐकत. शेवटी तिने बोलणंच सोडून दिलं. मूग गिळून बसायची सवय अशी लागली, की घरातली माणसंही तिला काही विचारेनाशी झाली.

थोरलीने तिचं तोंड उघडलं. थोरलीही त्याच रोगातून उठलेली, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेली. तिने पहिल्याच आठवड्यात धाकटीला मागच्या खोलीत नेलं, जिथे औषधांची खोकी छतापर्यंत रचलेली असत. धाकटीचा तळहात घेऊन तिने आपल्या गळ्याखाली, छातीवर दाबून धरला.

"मी इथून बोलते. बघ. गोळ्या घेतल्या का?"

तळहाताखाली काहीतरी मऊ थरथरलं. मांजर अंगाशी येऊन बसावं तसं.

"आता आपल्या छातीवर ठेव. अगदी तसंच थरथरलं पाहिजे. जास्त थरथरलं तर तू ओरडतेयस. नाही थरथरलं तर समोरच्याला ऐकू जात नाहीये."

रोज, काम सुरू व्हायच्या आधी, त्या दोघी खोक्यांमध्ये समोरासमोर उभ्या राहत. एक हात थोरलीच्या छातीवर, एक स्वतःच्या. 'गोळ्या घेतल्या का?' 'आज कसं वाटतंय?' 'उद्या येते हं.' कुठे थांबायचं, कुठला शब्द किंचित ओढायचा, बोलण्याआधी घसा कसा साफ करायचा, सगळं धाकटीने तळहाताने उचललं. तो आवाज कसा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तो कसा थरथरतो, एवढंच ठाऊक होतं.

"रोज का गं करायचं? आलं ना मला," एकदा ती कंटाळून म्हणाली होती.

"नेम आहे तो," थोरली म्हणाली. "आज मन लागतंय का, असं नेम विचारत नाही. तुझ्या रोग्यांना तू हेच सांगणार आहेस ना, की रोज घ्या? मग आधी आपण रोज करावं."

फेरीवर दोघी बरोबर जात. काही दारांशी मात्र थोरली तिला वर येऊ देत नसे. "या माणसाला नवा चेहरा एकदम दाखवायचा नाही. घाबरतो. तू खालच्या वळणावर थांब, मी वेळ बघून तुझी ओळख करून देईन." शिंपीकाकांचं दार त्यांतलं एक होतं. धाकटीने ते दार कितीदा तरी खालून पाहिलं होतं. ओळख करून द्यायची वेळ मात्र आलीच नाही. थोरलीला साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या फुफ्फुसाला तो पेलला नाही. वस्तीत कुजबुज सुटली, की रोग परतला, म्हणजे त्या गोळ्या काही खऱ्या नव्हेत. डॉक्टरबाईंनी घसा फोडून सांगितलं, हा ताप वेगळा होता. लोक मान हलवत आणि दार लावून घेत.

महिनाभर केंद्रातला एक माणूस पाकिटं पोचवत राहिला, मग डॉक्टरबाईंनी थोरलीची फेरी धाकटीला दिली. तिचा निळा कोट अजून शिवून यायचा होता, म्हणून थोरलीचा दिला, धुऊन, घडी घालून. तो तिला गुडघ्यांच्या खाली जाई. खिशाचा फाटका कोपरा कुणीतरी सुबक टाके घालून शिवलेला होता.

त्या कोटातच तो आवाज होता की काय, देव जाणे. पण तेव्हापासून थोरली तिच्याशी बोलू लागली.

संध्याकाळी घरी आल्यावर धाकटी कानातलं यंत्र काढून ठेवी. मग जग बंद होई आणि कानात नेहमीचा गूंऽऽ असा नाद उरे, इंजेक्शनांनी मागे ठेवलेला. आधी तो नुसता नाद होता. आता त्यातून हळूहळू शब्द वर यायचे, पाण्याच्या तळातून फुगे यावेत तसे. *हात धुतलेस? एक पायरी खाली. मास्क नाकावर घे. उद्या येते म्हणालीस तर उद्या गेलंच पाहिजे.* पहिल्यांदा तिला रडू आलं, मग बरं वाटलं. इतक्या लोकांना देव भेटत नाही, आपल्याला निदान थोरली भेटते. ती अंथरूण घालताना, भांडी लावताना ऐकत राही, आणि मान हलवी.

पुढे पुढे मात्र तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. थोरली नवीन काहीच सांगत नव्हती. सगळं जुनंच, त्याच शब्दांत. धाकटीने काही विचारलं, की नुसता नाद. मग पुन्हा, जणू कुणी विचारलंच नव्हतं अशा थंडपणे, *मास्क नाकावर घे.*

एक दिवस ती न्हाणीघरातून वहिनीला हाक मारून टॉवेल मागत होती. टॉवेल आला नाही. ती ओल्या अंगावर साडी गुंडाळून बाहेर आली, तर वहिनी भिंतीला पाठ लावून उभी, तोंडचं पाणी पळालेलं.

"काय झालं?"

वहिनीने तिला यंत्र लावायची खूण केली. मग म्हणाली, "तू कोणाच्या आवाजात बोलतेस हल्ली?"

"म्हणजे?"

"तुझ्या त्या बाई. फोन करायच्या ना मला, तू पोचलीस का म्हणून. मी कितीदा बोललेय त्यांच्याशी. आत्ता तू हाक मारलीस ना गं, अंगावर सरसरून काटा आला. सुरुवातीचं ते खाकरणंसुद्धा तसंच. मी म्हटलं, गेलेलं माणूस माझ्या न्हाणीत काय करतंय!" वहिनीला हसायचं होतं, पण हसू निम्म्यावर अडलं. "तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार, वहिनी?"

वहिनीने टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि केस पुसू लागली, लहान मुलीचे पुसावेत तसे. "वाईट नाहीये आवाज," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आधीच्या ओरडण्यापेक्षा बरा. फक्त मागून बोलू नकोस. समोर येऊन बोल."

धाकटीला त्या क्षणी दुसरंच काही दिसत होतं. शिंपीकाकांचा सैल झालेला चेहरा. *आलीस? किती दिवस लावलेस गं बाई.*

दुसऱ्या दिवशी ती तिसरा मजला चढली. काकांनी गोळ्या घेतल्या. आज त्यांना बोलायचं होतं. खोलीत खिडकीशी शिवणयंत्र चादर पांघरून बसलेलं, तसे ते दाराशी स्टुलावर पाठ वाकवून बसले.

"गुडघा कसा आहे तुझा?"

गुडघा थोरलीचा दुखायचा.

"बरा आहे."

"मी मोजत नाही, पण संपत आलं आता, हो ना? तू कबूल केलंयस, विसरू नकोस. शेवटची गोळी झाली, तपासणी चांगली आली, की तू मला लेकीकडे नेणार. आधी तू दार वाजवणार. तुला बघून ती उघडेल. मला बघून नाही उघडणार." ते थांबले. "मागच्या वेळी मी औषध मधेच सोडलं. बरं वाटत होतं, म्हटलं कशाला. आणि तिच्या पोराला मांडीवर घेऊन बसत होतो रोज. पोरगं बरं झालं आता, तूच सांगितलंस. पण सहा महिने त्या एवढ्याशा जिवाने गोळ्या खाल्ल्या माझ्यापायी. लेक म्हणाली, बाबा, या दाराशी पुन्हा यायचं नाही. बरोबरच बोलली ती." त्यांनी मान वर केली. "तू येशील ना?"

खरं सांगायची वेळ हीच होती. ते धाकटीला कळत होतं. तिने तोंड उघडलं, घसा साफ केला, आणि छातीत ते मऊ थरथरणं उमटलं.

"येईन, काका. कबूल केलंय ना."

ती केंद्रात परत आली. तिच्याबरोबर शिकणारा कुबडीवाला दादा व्हरांड्यात चहा पीत बसला होता. एक पाय अपघातात गेलेला, जीभ मात्र शाबूत. तिने त्याला सगळं सांगितलं.

"घेतोय ना म्हातारा गोळ्या?" तो म्हणाला. "मग बाकी सोड. भुताने दिल्या काय नि तू दिल्यास काय, पोटात एकच औषध जातं. उलट भुताचं विद्यावेतन तुला मिळतंय."

ती हसली. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे भरले.

"अगं, अगं. गंमत केली." त्याने चहा खाली ठेवला. "सांगितलंस आणि त्याने सोडलं तर? एकदा सोडलंय त्याने."

तेच तर होतं. थोरली गेली हे काकांना कळणं म्हणजे वस्तीतली कुजबुज त्यांच्या खोलीत शिरणं. गोळ्यांनी बरी झालेली बाई म्हणून थोरली त्यांना स्वतःचंच उदाहरण देत असे. ते उदाहरणच मेलं होतं. पुन्हा औषध सोडलं, तर पुढची औषधं याहून जड. आणि कदाचित पुढचं काहीच नाही. धाकटी डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"हे मी तुला सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "गप्प राहिलीस तर मी समजू शकते. सांगितलंस तरी. पण एक लक्षात ठेव. पुढच्या वर्षी नवी तुकडी येतेय, त्यातली एक मुलगी मी तुझ्या हाताखाली देणार आहे. तिला कमी दिसतं. ती तुझ्याकडे ऐकूनच शिकणार."

ऐकूनच. धाकटी त्या मागच्या खोलीत खोक्यांमध्ये जाऊन उभी राहिली. म्हणजे हा आवाज आता त्या पोरीच्याही छातीत जाणार. आणि तिच्याकडून आणखी कुणाच्या. तिने यंत्र काढलं. नाद सुरू झाला. "थोरले," ती म्हणाली, "शिंपीकाकांचं काय करू गं?" बराच वेळ नाद. मग, लांबून, *हात धुतलेस?*

तिने हात धुतले. दुसरं काय करणार?

तिने सांगायचं ठरवलं तो दिवस साधाच होता. जिन्यात तेच ओले कपडे, तोच वास. काकांनी दार उघडलं, गोळ्यांसाठी हात पुढे केला.

"काका, मी थोरली ताई नाही."

हात तसाच राहिला.

"मी तिच्या हाताखाली शिकत होते. धाकटी म्हणतात मला. ती गेली, काका. ताप आला होता. रोग परतला नव्हता, डॉक्टरबाईंनी तपासलं होतं. मी आधीच सांगायला हवं होतं."

काकांचा पुढे केलेला हात हवेत चाचपडत आला आणि कोटाच्या खिशावर पडला. बोटं त्या सुबक टाक्यांवरून फिरली, एकदा, दोनदा.

"ही शिवण माझी आहे," ते म्हणाले. "डोळे गेल्यावर घातलेले टाके. तिनेच आणला होता कोट, म्हणाली, काका, हाताला काम द्या." त्यांनी हात झटकून मागे घेतला. "तिचा कोट. तिचा आवाज. आणखी काय काय नेलंस गं तिचं?"

दार लागलं.

दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटी एक पायरी खाली उभी राहून वाट बघे, मग बसे. आतून खोकल्याचा आवाज लाकडातून तिच्या अंगात शिरे. खालच्या मजल्यावरची बाई बादली घेऊन वर आली आणि म्हणाली, "नाही उघडायचा तो. आम्ही हात टेकले. तुम्ही तरी कशाला जीव घालवता?" धाकटी म्हणाली, "उद्या येते म्हटलं होतं मी त्यांना." "त्याने ऐकलं का पण?" "ते माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी तिने कोट घातला नाही. साध्या कपड्यांत गेली. दार वाजवलं, आणि खाली न उतरता तिथेच दाराला कपाळ लावून उभी राहिली.

"काका, कोट मी परत केला. तो परत करता येतो. आवाज कसा करू?"

आत काही हललं.

"माझे कान याच रोगाच्या इंजेक्शनांनी गेले. मला माझा आवाज ऐकू येत नाही. तो कसा आहे हेही मला दुसऱ्यांनी सांगावं लागतं. मी कितीतरी दिवस बोलतच नव्हते. तिने माझा हात छातीवर धरून बोलायला शिकवलं. जे शिकले ते तिचंच आहे. दुसरा आवाज नाही माझ्याकडे. तुम्हाला नको असेल तर मी उद्यापासून न बोलता पाकीट धरून उभी राहीन. पण गोळ्या घ्या. त्या तिच्या नाहीत, तुमच्या आहेत."

तिला वाटलं, आपण ओरडलो की काय. तिने छातीवर हात ठेवून पाहिला. थरथरत होतं, पण आवाजाने नव्हे.

कडी निघाली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून वाळका तळहात बाहेर आला. तिने त्यावर गोळ्या ठेवल्या. हात आत गेला. पाण्याचा घोट. मग दार आणखी थोडं उघडलं आणि काकांनी तोंड उघडून दाखवलं, रागाने, जणू चावणार होते.

"तुझ्यासाठी नाही घेतल्या."

"नकाच घेऊ माझ्यासाठी."

"तीन दिवस बुडले."

"पुढे वाढवून घेऊ."

ते चौकटीला धरून उभे राहिले. "तिला त्रास झाला का फार? जाताना."

"झाला," धाकटी म्हणाली. "थोडा वेळ झाला. मी होते जवळ."

काकांच्या मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाले, "बोल अजून काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. आज बाजारात काय होतं ते सांग. ती सांगायची नाही कधी असलं. घाईत असायची."

धाकटीने सांगितलं. कुठल्या दुकानाचं छप्पर उडालं, रस्ता कुठे खणलाय, खालची बाई काय म्हणाली. काका ऐकत होते, मान किंचित कलती करून. शेवटी म्हणाले, "ती अशी एवढी बडबडत नसे." आणि दार लावून घेतलं, पण कडी घातली नाही.

त्या संध्याकाळी यंत्र काढल्यावर कानात नुसता नाद होता. ती पुष्कळ वेळ ऐकत बसली. शब्द आले नाहीत. पुढेही क्वचितच आले, आणि आले तेव्हा फार पुसट, कुणी जिना उतरून खाली गेल्यासारखे. वहिनी म्हणाली, आता तू कशी बोलतेस ते सांगू? तशीच बोलतेस, पण घाई जास्त करतेस. धाकटीला हसू आलं, आणि त्याच वेळी काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटलं. आपलं माणूस जाताना दोनदा जातं, हे तिला आता समजत होतं.

काकांच्या गोळ्या संपल्या. तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी निकाल धाकटीच्या हातात दिला आणि नुसती मान डोलावली. ती जवळजवळ धावतच जिना चढली.

काका सकाळपासून तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, एका गालावर कापलेलं, इस्त्रीचा सदरा. बोटं सदऱ्याच्या शेवटच्या बटणाशी चाळा करत होती. निकाल ऐकून ते उभे राहिले, काठी घेतली, आणि पुन्हा बसले.

"नाही जमायचं मला."

"काका..."

"ती दार उघडेल, मला बघेल आणि लावून घेईल. पोरगं मागे उभं असेल. तेवढं नको." त्यांनी काठी आडवी ठेवली. "तू जा आधी. ती उघडते का बघ. मग मी."

"जाते."

"काय सांगशील?"

"खरं तेच. गोळ्या पूर्ण झाल्या, तपासणी स्वच्छ आली, नातवाला मांडीवर घ्यायला आता धोका नाही. मधले तीन दिवस बुडले होते, तेही सांगीन."

"ते कशाला सांगतेस?"

"मग खोटं सांगू? एकदा सांगून बघितलं ना."

काका हसले, रडले, कळलं नाही. "थोरली असती तर ती म्हणाली असती..." त्यांनी आठवून पाहिलं, आणि सोडून दिलं. "जाऊ दे. तुझं तू बोल. केव्हा जाशील?"

"आत्ताच. उजेड आहे तोवर."

"आणि तिने दार लावलं तर?"

"तर उद्या परत जाईन."

ती जिना उतरली. खाली रस्त्यावर ऊन कललं होतं, खणलेल्या रस्त्यावर माणसं फळ्यांवरून तोल सांभाळत चालली होती. काकांच्या लेकीचा पत्ता नदीपलीकडचा. तिकडच्या कुठल्याच दाराबद्दल थोरलीने तिला कधी काही सांगितलं नव्हतं. धाकटी क्षणभर कोपऱ्यावर थांबली, कान देऊन. गाड्या, एक कुत्रं, कुणाचं तरी भांडण. एवढंच.

केंद्राकडचा रस्ता डावीकडे होता. तिने पुलाची वाट एका फुलवालीला विचारली, यंत्र नीट बसवलं, आणि त्या वाटेने चालू लागली.